जाऊबाईंची भेंडी

आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षं जी बाई बसली, तिला सगळे टायपिस्टबाईच म्हणत. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, हुद्दा बदलला, तरी हाक तीच राहिली. बारीक अंगाची, चष्मा नाकाच्या टोकावर. शुद्धलेखनाची चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. साहेबांचा मसुदासुद्धा ती लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवायची, आणि साहेब गुपचूप दुरुस्त करून द्यायचे. अशा बाईने एक खोटं वर्षभर सांभाळलं. त्यात माझीही थोडी भर पडली, म्हणून हे सांगायला बसले आहे.

सुरुवात डब्यापासून झाली. दुपारी आम्ही चौघीजणी एकत्र जेवायचो आणि तिच्या डब्यात आठवड्यातून तीनदा तरी भेंडी असायची. पण एकदा खाल्लेली तऱ्हा पुन्हा पंधरा दिवस यायची नाही. कधी लसणावर परतलेल्या पातळ काचऱ्या, कधी दाण्याचं कूट नि खोबरं भरलेली अख्खी भेंडी, कधी आंबट ताकात सोडलेली, कधी चिंचगुळातली, कधी बेसनात घोळवून तळलेले उभे काप, जे डबा उघडेपर्यंत मऊ पडलेले असायचे आणि तरी आधी तेच संपायचे. आमच्या घरच्या भेंडीला तार सुटायची. हिच्या डब्यात कधी नाही.

"कशी करतेस गं ही?" मी एकदा विचारलं.

"आमच्याकडे अशीच करतात," ती म्हणाली.

वाक्य खोटं नव्हतं. पण करणारी ती नव्हती. तिला चहा आणि भात यापलीकडे काही येत नव्हतं. दोघा भावांचं ते घर. इकडे थोरल्याच्या दोन खोल्या, तिकडे धाकट्याच्या दोन आणि मधे सगळ्यांचं एक स्वयंपाकघर. तिथे सकाळी सहापासून थोरल्या जाऊबाई उभ्या असायच्या. ही धाकटी, नोकरी करणारी म्हणून हिला आयता डबा मिळायचा. जाऊबाई शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. माहेरी पाच भावंडांत त्या मोठ्या. घरामागच्या तुकड्यात भेंडीशिवाय काही धड उगवायचं नाही आणि चार महिने रोज तीच भाजी. भावंडं ताट ढकलून द्यायची. मग या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने रोज नवी युक्ती करायला सुरुवात केली. भावंडांना कळू नये की कालचीच भेंडी आहे, एवढाच हेतू. त्यातून अकरा प्रकार तयार झाले.

गावातल्या एका साप्ताहिकाचे संपादक पाणी बंदच्या जाहिराती घ्यायला आमच्या ऑफिसात यायचे. एके दिवशी नेमके जेवणाच्या सुट्टीत आले. आम्ही आग्रह केला, त्यांनी हिच्या डब्यातली ताकातली भेंडी चाखली आणि पुन्हा मागून घेतली.

"बाई, तुमचं लिहिणं चोख, आणि हाताला ही चव. आमच्यासाठी एक सदर लिहा."

त्या क्षणी ती म्हणू शकली असती की चव माझ्या हाताची नाही. पुढे तिनेच मला सांगितलं, "तोंड उघडलं होतं गं मी. पण तुम्ही सगळ्या माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होतात."

सदर सुरू झालं. रोज सकाळी ती ओट्यापाशी वही घेऊन उभी राहायची. जाऊबाईंना कोण आनंद. "खातात सगळे, विचारतं कोण?" असं म्हणत त्या हात चालवता चालवता सांगायच्या. भेंडी धुवायची ती अख्खी. मग फडक्यावर पसरून पंख्याखाली ठेवायची, पुरती कोरडी झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. चिरल्यावर पाण्याचा थेंब लागला की संपलं. शेंडा कट्कन मोडला तर कोवळी, वाकला तर दुकानदाराला परत. कढईवर झाकण नाही, वाफ कोंडली की तार सुटते. फार ढवळायचं नाही. आंबट काही घातलं की चिकटपणा मरतो. आणि मीठ सगळ्यात शेवटी, अगदी उतरवताना.

वाचकांना सदर आवडलं. साप्ताहिकाच्या वर्धापनदिनाच्या अंकासोबत चोवीस पानांची पुस्तिका काढायचं ठरलं, हिरव्या मुखपृष्ठाची: 'भेंडीचे अकरा प्रकार'. मजकूर तिने स्वतः टाइप केला. पहिल्याच पानावर तिने ओळ घातली होती, 'या सर्व पाककृती माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या आहेत,' आणि पुढे जाऊबाईंचं पूर्ण नाव. मग मुखपृष्ठाचा नमुना आला. त्यावर तिचा फोटो, खाली तिचं नाव. तो नमुना समोर ठेवून ती ओळ तिने खोडली. संपादकांनी खोडली नाही, जागाही अपुरी नव्हती. तिनेच खोडली.

"ती ओळ ठेवली तर माझं काय उरतं, असं वाटलं," ती पुढे मला म्हणाली.

आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय. आणि त्या रेघोट्याही धड नव्हत्या. नवव्या प्रकारात तिने लिहिलं, 'चिरलेल्या भेंडीला मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे.' ते कारल्याचं होतं. वहीत दोन पानं चिकटली होती आणि हातात कधी कढई धरली नसल्यामुळे तिला खटकलंही नाही.

पुस्तिका घरी आली त्या संध्याकाळी जाऊबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि ती दोन्ही हातांत घेतली.

"वाच ना. माझ्याबद्दल काही लिहिलंयस का?"

हिने दुसरं पान उघडलं आणि नसलेली ओळ वाचली. या सर्व पाककृती माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या आहेत. नावासकट, आवाज जराही न कापता.

"कुठे? बोट ठेव."

हिने पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. जाऊबाईंनी तिथे आपलं बोट टेकवलं आणि जागा लक्षात ठेवली: दुसरं पान, सगळ्यात खाली, शेवटची ओळ. प्रत्यक्षात तिथे छापलं होतं, 'यातील कोणताही मजकूर परवानगीशिवाय घेऊ नये.'

एवढ्यावर राहिलं असतं तर झाकली मूठ म्हणता आलं असतं. पण जाऊबाईंनी पुस्तिकेला प्लॅस्टिकचं वेष्टन घातलं आणि ती बाजाराच्या पिशवीत टाकून फिरू लागल्या. हे टायपिस्टबाईला कळलं ते शनिवारी, दोघी मिळून भाजी आणायला गेल्या तेव्हा. भाजीवाल्याने भेंडीचा वाटा पुढे केला आणि जाऊबाईंनी पिशवीतून पुस्तिका काढली.

"हे बघा, तुमच्याच भेंडीवर केलेलं. आणि हे इथे माझं नाव आहे. इथे, ही ओळ."

भाजीवाल्याने ओळ वाचली. त्याचे ओठ हलताना हिला दिसले. मग त्याने मान वर करून जाऊबाईंच्या खांद्यावरून हिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणते.

"हो, आहे की वहिनी," तो म्हणाला. "छान ठळक छापलंय."

त्याने चार भेंड्या जास्तीच्या टाकल्या. परतताना जाऊबाई पुढे चालत होत्या, दुकानांच्या पाट्यांकडे बघत, आणि ही मागून दोन्ही पिशव्या ओढत. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण घरी पोचेपर्यंतही तिने खरं सांगितलं नाही.

आता माझी गोष्ट. त्याच महिन्यात मी काही कागद द्यायला तिच्या घरी गेले होते. ती आत कपडे बदलत होती. जाऊबाईंनी मला पाणी दिलं, खुर्ची पुसली आणि पुस्तिका उघडून ओळ दाखवली. मी वाचलं. मला वाटलं, त्यांची जागा चुकली असेल. मी वरची ओळ पाहिली, मागचं पान पाहिलं. मग सगळं लख्ख कळलं. जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"फारच छान," मी म्हणाले.

ऑफिसात मी टायपिस्टबाईला याबद्दल चकार शब्द विचारला नाही. उलट डब्यातली भेंडी खाताना पूर्वीपेक्षा जास्त वाखाणली. तिला अवघड वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

पावसाळा सरला आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत एका निवृत्त शिक्षिकेने मोठ्या बायकांसाठी दुपारचा वर्ग काढला. जाऊबाईंनी नाव घातलं. त्रेपन्नाव्या वर्षी पाटी. घरात सगळे हसले, त्याही हसल्या. "निदान माझं नाव तरी मला ओळखता यायला हवं," म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात बाईंनी प्रत्येकीला तेच शिकवलं, आपापलं नाव.

शुक्रवारी टायपिस्टबाई ऑफिसातून आली तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. एका बाजूला वही, त्यात बोटभर उंचीच्या अक्षरांत त्यांचं नाव. दुसऱ्या बाजूला पुस्तिका, दुसरं पान. एक बोट वहीवर, एक बोट छापील ओळीवर. एक अक्षर इकडे बघायचं, एक तिकडे.

"अगं, जुळत नाही गं," त्या म्हणाल्या. "माझं पहिलं अक्षर इथे कुठेच नाही. छापतात तेव्हा अक्षरं वेगळी असतात का?"

दारात उभ्या उभ्याच हिने चप्पल काढली. पाणी प्यायली. आणि मग आयुष्यात लोकांच्या वेलांट्या सुधारत आलेली ही बाई म्हणाली, "हो. छापील अक्षरं वेगळी असतात."

"तरीच," जाऊबाई म्हणाल्या आणि वही मिटली.

हे पुढे मला सांगताना तिने टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं होतं. पहिलं खोटं मोहापायी झालं, म्हणाली, दुसरं भीतीपायी. पण हे तिसरं मी एका शिकणाऱ्या बाईला सांगितलं. तिला वाटलं असेल की आपल्यालाच शिकता येत नाही.

जाऊबाई दोन महिने वर्गाला जात राहिल्या. मग एक दिवस टायपिस्टबाईच्या कपाटात, तिच्या साड्यांवर, ती पुस्तिका ठेवलेली सापडली. प्लॅस्टिकचं वेष्टन काढून. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी डबा वेळेवर भरला. आत भरली भेंडी होती, नेहमीसारखीच, कशाचीच कमी नाही. फक्त सकाळचं बोलणं थांबलं. ही ओट्यापाशी जायची, तर त्या बाजूला सरून जागा द्यायच्या, परक्या बाईला द्यावी तशी.

त्याच सुमारास साप्ताहिकाकडे पत्रं आली, नववा प्रकार चिकट होतो म्हणून. भेंडीला पाणी सुटतं आणि लगदा होतो. संपादक हसत म्हणाले, "आपण वाचनालयाच्या सभागृहात एक प्रात्यक्षिकच ठेवू. तुम्ही लोकांसमोर करून दाखवा." ती सांगते की हे ऐकून तिला भीती वाटली आणि त्याच वेळी जरा सुटल्यासारखंही वाटलं. आता लपवायला जागाच उरली नव्हती.

तिने जाऊबाईंना फक्त इतकंच म्हटलं, "जाऊबाई, रविवारी याल का? एकदाच." त्या आल्या. मागच्या रांगेत, भिंतीलगतच्या खुर्चीवर बसल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. सभागृह भरलेलं, मंचावर शेगडी, कढई, परातीत धुऊन पुसलेली भेंडी. टायपिस्टबाईने सुरी हातात घेतली आणि खाली ठेवली.

"मला भेंडी करता येत नाही," ती म्हणाली. "कधीच येत नव्हती. पुस्तिकेतले अकराही प्रकार माझ्या थोरल्या जाऊबाईंचे आहेत. मी त्यांचं नाव मुद्दाम वगळलं. आणि नववा प्रकार चुकलाय, कारण मी कारल्याचं लिहिलं."

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी हसलं, प्रेमाने. संपादक उठले. "बघा," म्हणाले, "आजच्या काळात इतका विनय कुठे बघायला मिळतो? स्वतःचं श्रेय घरच्या माणसाला देणारं मन मोठं असावं लागतं." आणि टाळ्या सुरू झाल्या.

ती हात हलवून नाही नाही म्हणत होती. ती जितकं नाही म्हणे, तितक्या टाळ्या वाढत होत्या. खरं काय ते मला माहीत होतं. मी उभी राहून सांगू शकले असते. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या.

कोणीतरी जाऊबाईंना शोधून काढलं. "काय हो, खरंच तुम्ही शिकवलं?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "खरं आहे."

लोक पुन्हा हसले. काय गोड जोडी आहे, म्हणाले. टायपिस्टबाईच्या हातात फुलांचा गुच्छ दिला गेला.

घरी जाताना दोघी मधल्या रस्त्याने चालत होत्या. गुच्छ कुठे ठेवावा हे हिला कळत नव्हतं. शेवटी एका कठड्यावर ठेवून दिला. पुढचं बोलणं तिने मला शब्दन् शब्द सांगितलं आहे.

"माझं चुकलं, जाऊबाई."

"ते कळलं मला. केव्हाच."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? नाव नाही घातलंस, वाईट वाटलं. नाही कसं वाटणार? पण नसलेलं वाचून दाखवलंस. मी ते लोकांना दाखवत फिरले गं. सगळ्यांना वाचता येत होतं, मी एकटीच काय ती ठार अडाणी. सगळे हो म्हणाले. एकसुद्धा माणूस बोलला नाही. आता बाजारातून जाते तर मान वर होत नाही माझी. लाजेचं काम तू केलंस आणि लाज मला वाटते."

थोडं चालल्यावर जाऊबाई थांबल्या.

"मी सात जणांना दाखवलं. मोजून ठेवलेत. तू एकेकाकडे जायचं आणि सांगायचं. मंचावरून नाही. समोर उभं राहून."

"तुम्ही याल बरोबर?"

"मी कशाला येऊ?"

सोमवारी सकाळी हजेरीच्या वहीत सही करायच्या आधी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बसली नाही. "जाऊबाईंनी तुला जी ओळ दाखवली, तिथे त्यांचं नाव नव्हतं. मी त्यांना खोटं वाचून दाखवलं होतं."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"माहीत होतं?"

"तेव्हाच वाचलं होतं मी."

आम्हा दोघींमध्ये जास्त लाज कोणाला वाटली, हे मला आजही सांगता येणार नाही. एकमेकींची समजूत घालावी असं दोघींपैकी कोणाच्याच मनात आलं नाही. ती आपल्या जागेवर गेली आणि कॉम्प्युटरवरचं आच्छादन काढून कामाला लागली.

बाकीच्यांकडे ती संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गेली, रोज एक. भाजीवाला म्हणाला, "बाई, मला शाळेत पहिलं बक्षीस होतं वाचनाचं. पण त्यांचं तोंड बघून खरं सांगवेना." दूधवाल्याने ऐकून घेतलं आणि गल्ल्यावरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दवाखान्यातल्या कंपाउंडरने, गंमत म्हणजे, ती ओळ वाचलीच नव्हती. चष्मा नव्हता म्हणून नुसती मान हलवली होती. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. पोस्टमन सायकल थांबवून ऐकत राहिला. जाऊबाईंची स्वतःची बहीण मात्र तिच्या अंगावर आली. दार लावून घेतलं आणि दारामागून बोलत राहिली. ही उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं ऐकून आली. वर्गाच्या शिक्षिका म्हणाल्या, "छापील अक्षरं वेगळी असतात, हे त्यांना कोणी सांगितलं ते मला तेव्हापासून जाणून घ्यायचं होतं." एवढंच.

हे सहा, आणि एक मी. सात झाले. पण जाऊबाईंना आणखी एक आठवली, समोरच्या घरात आधी राहणारी शिंपीण. ती लेकीकडे दुसऱ्या गावी गेली होती.

"पत्ता आहे माझ्याकडे," टायपिस्टबाई म्हणाली. "मी पत्र टाकते."

"मी लिहीन," जाऊबाई म्हणाल्या.

दोन दुपारी बसून त्यांनी कार्ड लिहिलं आणि पत्ता घालण्यासाठी हिच्याकडे दिलं. अक्षर मोठं, ओळी उतरत्या, एका ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ, एका ठिकाणी दीर्घाचं ऱ्हस्व. मजकूर असा होता: 'भेंडीच्या पुस्तकात माझे नाव नाही. मी चुकीचे सांगीतले. नववा प्रकार करु नका, मीठ शेवटी घाला.'

"जाऊबाई, 'मी' का लिहिलंत? खोटं मी सांगितलं होतं."

"तिला मी दाखवलं होतं. बोट माझं होतं."

हिच्या हातात पेन होतं. पत्ता लिहिला, खाली गावाचं नाव लिहिलं आणि कार्ड होतं तसंच पेटीत टाकलं. शिंपिणीचं उत्तर काही आलं नाही.

सदर त्याच महिन्यात बंद झालं. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे नाव घालायची संधीही आली नाही. जाऊबाई आता साप्ताहिक स्वतः वाचतात, अगदी पाणी बंदच्या जाहिरातींपर्यंत. स्वयंपाकघरातलं बोलणं हळूहळू परत सुरू झालं: दूध आलं का, गॅस संपला का, पोरांची परीक्षा कधी. भाजीबद्दल मात्र नाही. टायपिस्टबाई आता पहाटे लवकर उठते आणि ओट्याच्या कडेला उभी राहून भेंडी पुसून देते, एकेक, कोरड्या फडक्याने. चिरायला मात्र सुरी तिच्या हातात अजून कोणी दिलेली नाही, आणि तिनेही मागितलेली नाही.